काखेत की घडीत

द्रोणागिरी
४ डिसेंबर

भाविका बाय,

मालतीबाईंनी वर 'अनेक उत्तम आशीर्वाद' लिहिलं होतं, मी खोडायला लावलं. आशीर्वाद एकच देते, पण अख्खा.

मालतीबाई म्हणजे आपल्या वरच्या मजल्यावरच्या, शाळेतून रिटायर झालेल्या. तुझं पत्र त्यांनीच वाचून दाखवलं, दार लावून. मी म्हटलं, शपथ घ्या कुणाला सांगणार नाही म्हणून. त्या म्हणाल्या, शपथ नको, चहा ठेवा. बाईवर विश्वास ठेवायला हरकत नाही. मी 'हाय' म्हणते, त्या 'आहे' लिहितात, एवढाच त्यांचा खोटेपणा.

फोन केला नाहीस ते बरं केलंस. माझ्या कानाला स्पीकरच लागतो, आणि स्पीकर लावला की तुझा बाप हिरामण, तुझी काकी आणि जिन्यातला केबलवाला, सगळ्यांना कळतं.

तू विचारतेस, डॉक्टर म्हणतो चीर कुठे द्यायची ते तुम्ही ठरवा, तर काय सांगू? मी आधी हसले. मोऱ्याच्या धक्क्यावर मासळी घेताना कोळीण विचारते, तुकडे आडवे करू की उभे? पण ती मासळीला नाही विचारत.

मालतीबाई म्हणतात, हे लिहू नका, पोरगी घाबरेल. लिहा हो, ती माझी नात आहे.

तुझ्या छातीची उजवी बाजू कधी आलीच नाही, हे तुझ्याखेरीज मला एकटीला माहीत. तुझी आई ते बघायला राहिली नव्हती. डावी वयात आली आणि उजवीची आपण वाट बघत राहिलो, एसटीची बघतात तशी. मग मी कापसाची पिशवी शिवली. ती तू अजून वापरतेस आणि लोक म्हणतात काय सुरेख बांधा आहे पोरीचा. निम्मा बांधा माझ्या सुईचा, हे कोण सांगणार?

आता वैशाखात लग्न. घणसोलीचा मितेश. त्याआधी तुला ती बाजू भरून घ्यायची आहे, कारण हळदीच्या न्हाणीत कापसाची पिशवी चालत नाही. ओला परकर सगळं सांगून टाकतो. इथपर्यंत मला कळलं.

डॉक्टरने तीन जागा सांगितल्या. बोंडाच्या कडेची त्यानेच बाद केली, तुझं त्या बाजूचं बोंड वाटाण्याएवढं म्हणून. राहिल्या दोन. काखेत, नाहीतर खाली, जिथे थान आणि पोट एकमेकांना भेटतात त्या घडीत. तुझं मन काखेकडे आहे, कारण मितेशला दिसणार नाही.

अगो बाय, नवऱ्याचं काय घेऊन बसलीस? नवरा अंधारात बघतो. न्हाणीत बायका भर उजेडात बघतात.

माझा जन्म आगऱ्यांच्या मांडवात लग्नाचे धवले गाण्यात गेला. लग्न भटजी लावतो असं लोकांना वाटतं. हळद, न्हाणी, मुंडावळ्या, सगळं धवलारिणीच्या गाण्यावर चालतं. साड्यांचा आडोसा करून नवरीला पाटावर बसवतात, परकर छातीवर बांधतात आणि हात वर करायला लावतात. काखेत हळद भरल्याखेरीज नवरी न्हाली असं आपल्यात होत नाही. परकराखाली मात्र कुणी वाकून बघत नाही. तेवढी लाज बायकांत शिल्लक आहे.

आणि तुझ्या काखेला पुढची भिंतच नाही. तिथलं मांसच देवाने दिलं नाही. तुला न्हाऊ घातलंय मी, मला माहीत आहे. दुसऱ्या पोरीची काखेतली खूण मिटेल, तुझी रस्त्यावरून दिसेल.

म्हणून घडीत.

तुझी आजी,
पुतळा


कोपरखैरणे
१२ डिसेंबर

आजी,

तुझं पत्र बाथरूममध्ये जाऊन वाचलं. दोन रूममेट आहेत आणि दोघींना माझं हसू आणि रडू दोन्ही ओळखता येतं.

डॉक्टरांचंही मत घडीचंच आहे, माझ्या काखेत खूण झाकणार नाही असं तेही म्हणाले. तिथून त्यांना आतलं नीट दिसतं, त्रास कमी होतो. काखेतून केलं आणि पुढे काही बिघडलं, तर परत उघडायला घडीतच यावं लागतं. फक्त माझ्या बाजूला घडीच नाहीये. ती पण ते बनवणार. मला आरशासमोर उभं केलं, डावीकडे मोजलं आणि उजवीकडे जांभळ्या पेनाने रेघ मारली. म्हणाले, इथे. ती रेघ आंघोळीने गेली नाही. तशीच बेलापूरला ऑफिसला गेले. कंटेनरचे पेपर चेक करत होते आणि सारखं वाटत होतं, बिस्किटच्या पुड्यावर नसतं का, 'येथे फाडा', तसं माझ्यावर लिहिलंय.

ऑपरेशन चोवीस जानेवारीला. पप्पांना ट्रेनिंगला पुण्याला चाललेय असं सांगणार आहे.

एक विचारू? मितेशला सांगू का? टेन्शन ऑपरेशनचं नाहीये मला. तो चांगला आहे गं. पण माणूस किती चांगला आहे ते कुठल्या गोष्टीवर तपासायचं, हेच कळत नाही.

आणि अजून एक. कधी कधी वाटतं, नकोच करायला. मग न्हाणी आठवते.

भाविका


द्रोणागिरी
१९ डिसेंबर

भाविका बाय,

सांग. आधी सांग, मग कापून घे.

तुझ्या आजोबांनी लग्नाआधी एक गोष्ट लपवली, घोरणं. पहिल्या दिवशी मला वाटलं मिठागरात पंप लावलाय. माणूस गेला त्याला वर्षं झाली, पण ती फसवणूक मी अजून विसरले नाही. मितेशला तुझं पत्र कुणी मध्येच फोडून कळण्यापेक्षा तुझ्या तोंडून कळू दे. ऐकून पळाला तर पळू दे. द्रोणागिरीच्या गोडाऊनांत एवढी पोरं कामाला येतात, त्यातला एखादा मी पकडून आणीन.

मालतीबाई विचारतात, 'नकोच करायला' याचं उत्तर देणार नाही का?

देते. न्हाणी नसती तर मी पण म्हटलं असतं, नको. एका थानावर पोरं वाढतात, शेळीला दोन असतात म्हणून ती काही बाईहून मोठी होत नाही. पण मी त्या आडोशाबाहेर बसून जन्म काढलाय. आतून काय काय आवाज येतात ते मला ठाऊक आहे. एका पोरीच्या पाठीला कोडाचा डाग होता, रुपयाएवढा. धवला संपायच्या आत तो मांडवभर झाला. तिच्या पोरांची लग्नं झाली तरी बायका तिला डागाची म्हणतात.

तुला मी तशी होऊ देणार नाही. कर ऑपरेशन. घडीत.

आजी


कोपरखैरणे
२ फेब्रुवारी

आजी,

झालं. तुला लगेच लिहिता आलं नाही, उजवा हात वर करायला बंदी आहे, लिहायलाही ओढ बसते. हे पण थांबत थांबत लिहितेय.

ड्रेसिंग काढलं तेव्हा बघितलं. आजी, तिथे काहीतरी आहे. अजून वर चढलेलं, कडक, त्वचा ताणून चकचकीत झालेली. माझं वाटत नाही, पण दुसऱ्या कुणाचंही वाटत नाही. खाली टाक्यांची रेघ आहे, करंगळीएवढी. डॉक्टर म्हणाले माझी तिथली कातडी पातळ आहे, दोन महिने चोळायचं नाही, दाबायचं नाही, दुसरं काहीही लावायचं नाही.

मितेशला सांगितलं. आधीच, जानेवारीत. पाम बीचला गाडी थांबवून. तो बराच वेळ स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसला. मग म्हणाला, मला फरक पडत नाही, पण आईला सांगू नकोस, आत्याला तर नाहीच. ऑपरेशनच्या दिवशी तो आला होता. बाहेर बसला होता. माझ्यासाठी शहाळं आणलं. मी त्याच्याकडे बघून पहिल्यांदा विचार केला की हा माझा नवरा होणार आहे.

आता वाईट बातमी. त्याचे आजोबा फार आजारी आहेत. घरच्यांना लग्न वैशाखाऐवजी आत्ताच उरकायचंय. पप्पांनी हो पण म्हटलं. पंचवीस फेब्रुवारी. म्हणजे हळद चोवीसला.

एकच महिना होतोय आजी. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, पाणी चालेल, चोळणं अजिबात नाही. मी त्यांना न्हाणी काय असते ते सांगायचा प्रयत्न केला. त्यांना वाटलं कपाळाला आणि गालाला हळद लावतात.

काय करू?

भाविका


द्रोणागिरी
९ फेब्रुवारी

भाविका बाय,

तुझा बाप लग्नाची तारीख अशी बदलतो जशी टीव्हीवरची चॅनेलं. मी त्याला म्हटलं, पोरगी दमलेली दिसते, वैशाखच राहू दे. तो म्हणाला, आये, तू फक्त धवल्याचं बघ.

बरं. मी धवल्याचंच बघणार.

ऐक. न्हाणी बंद करता येणार नाही. नवरीने न्हाणी नको म्हटलं तर मांडवातल्या शंभर बायका मनात शंभर कारणं तयार करतील. पण न्हाणी आखूड करता येते, आणि ते माझ्या तोंडात आहे. धवल्यात मी एकेकीचं नाव घेते. ज्या बाईचं नाव येतं ती उठते, आडोशात जाते, हळद लावते, बाहेर येते. नाव आल्याखेरीज कुणी उठत नाही. म्हणजे न्हाणीचं दार माझ्या गळ्यात आहे.

तेव्हा मी नावं गाळणार. आपल्या बाजूने तुझी काकी आणि मावशी. काकीला नखं नाहीत आणि मावशीला ताकद नाही. नवऱ्याकडून उष्टी हळद घेऊन ज्या येतील, त्यातल्या एकट्या सासूचं नाव घेईन. ती शहाण्यासारखी दोन बोटं लावून निघेल. बाकी कुणाचं नाही. कुणी विचारलं तर म्हातारी विसरली. या वयात विसरणं हा एकच दागिना अंगावर उरलाय, तो घालून बघते.

मी स्वतः आत येऊन तुझ्यापुढे उभी राहिले असते. पण विधवेने हळदीच्या पाटाजवळ जायचं नसतं. जिच्या गाण्यावर सगळ्या गावाची लग्नं लागली तिला आडोशाच्या बाहेरच बसवतात. हसू येतं मला कधी कधी. आज नाही आलं.

तू हात वर करू नकोस. विचारलं तर सांग खांदा लचकलाय.

आजी


कोपरखैरणे
१५ फेब्रुवारी

आजी,

तुझं पत्र आल्यापासून झोप लागतेय. मितेशला तुझा प्लॅन सांगितला, तो हसला. म्हणाला, तुझी आजी डॉन आहे. मग म्हणाला, गोजरा आत्याचं नाव गाळणार? आमच्या घरात तिचं नाव गाळून कुणी पत्रिका पण छापत नाही. मी म्हटलं, आजी बघून घेईल.

तू बघून घेशील ना?

भाविका


द्रोणागिरी
३ मार्च

भाविका बाय,

पाठवणीला तू माझ्या पाया पडलीस तेव्हा वाकताना तोंड दाबून धरलं होतंस. तेव्हापासून तुझा आवाज नाही. हिरामण म्हणतो ठीक आहे. तो लग्नाचा व्हिडिओ बघत असतो.

मी बाहेरून काय बघितलं ते सांगते. आत काय झालं ते तू सांग, किंवा नको सांगू.

हल्ली धवलारिणीच्या हातात पण माइक देतात. पूर्वी एखादं नाव गेलं तर ढोलाच्या आवाजात बुडून जायचं. माइकमध्ये मी न घेतलेलं नावसुद्धा सगळ्यांना ऐकू आलं. 'हलदीची वाटी कोनाचे हाती, नवऱ्याचे आयेचे हाती' म्हटलं आणि पुढे थेट शेवटाला गेले. गोजराबाई वाटी घेऊन उभी होती. कदाचित तिने घरून निघतानाच साडी खोचून घेतली असेल. तिने वाट बघितली. मी तिच्याकडे बघितलं नाही. बघायला हवं होतं. बघितलं असतं तर तिचं तोंड बघून नाव घेतलं असतं.

ती माझ्यासमोर आली. माइक चालू होता. म्हणाली, "म्हातारे, माझा नाव खाल्लास? भावाचे पोराला मी अंगाखांद्यावर वारवला, आनी हलदीला मी कोनी नाय? थांब, माझा मान मी माझे हातानं घेतंय."

आणि ती आत गेली.

मी गात राहिले. ते मला अजून कळलेलं नाही, मी का गात राहिले. थांबले असते तर सगळे माझ्याकडे बघत राहिले असते आणि तिला विसरले असते. पण धवला अर्ध्यावर सोडला तर नवरीला अशुभ, हे तोंडात इतकं बसलंय की तोंड आपोआप चालत राहिलं.

मग तिचा आवाज आला. ते मी मालतीबाईंना लिहायला सांगत नाही. तो मांडवाने ऐकला.

काही तरी कळव. 'आहे' एवढं लिहिलंस तरी चालेल. 'हाय' लिहिलंस तर बरं वाटेल.

आजी


घणसोली
२२ मार्च

आजी,

हाय.

डाव्या हाताने लिहितेय, अक्षर मालतीबाईंना लागेल ना?

काकीने मला आपल्या बाजूला ओढून घेतलं होतं, पण गोजरा आत्याने तिला ढकललं. माझ्या परकरात हात घातला. रागात होती, त्यामुळे हात जोरात. आधी डावीकडे, मग उजवीकडे. उजवीकडे थांबली. परत डावीकडे. परत उजवीकडे, अंगठ्याने दाबून, आंबा पिकलाय का ते बघतात तसं. एपीएमसीत फळं बघतात ना. खाली टाक्यांवर तिचं नख लागलं. मी ओरडले. मग ती ओरडली, "एक बाजू खोटी हाय गो हिची!"

बाहेर तू गात होतीस. मला ते ऐकू येत होतं. वाईट नको वाटून घेऊस. मी तेवढंच ऐकायचा प्रयत्न करत होते.

सासूबाईंनी तिथल्या तिथे मितेशला फोन लावला. तुला लागतो तसाच स्पीकर लावून. मी पाटावर होते, अंगावरून हळदीचं पाणी चाललं होतं. त्यांनी विचारलं, तुला माहीत होतं?

तो म्हणाला, नाही.

एवढंच, आजी. बाकी जे झालं ते तू बघितलंसच. हॉल घेतलेला, माणसं आलेली, पप्पांनी हात जोडले, आणि त्याच्या आजोबांना लग्न बघायचं होतं म्हणून लग्न झालं. नंतर मी त्याला विचारलं. तो म्हणाला, त्या क्षणी मी काय बोलणार होतो? आईला सांगितलं असतं की मला माहीत होतं, तर दोघं मिळून फसवलं असं झालं असतं. आता निदान तू एकटीनेच फसवलंस.

तो अजूनही चांगलाच आहे. शहाळं आणतो.

लग्नात शालूखाली ओलं लागत होतं. मला वाटलं घाम. आठ दिवसांनी ताप चढला. टाक्यांचं एक टोक उघडलं होतं, आत हळद गेली होती. डॉक्टरांनी पिवळा बोळा बाहेर काढला आणि मला विचारलं, हे काय आहे? मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सगळं काढून टाकलं. आता तिथे पूर्वीसारखं सपाट पण नाही. आत ओढलेलं आहे, आणि खाली खूण.

पिशवी भरायला कापूस कुठला आणायचीस तू? इथे मेडिकलचा मिळतो तो गोळा होतो.

भाविका


द्रोणागिरी
२९ मार्च

भाविका बाय,

कापूस पाठवलाय. सावरीचा आहे. हिरामणच्या हाती दिला नाही, मालतीबाईंच्या भाच्याकडे पाठवलाय. पिशवी शिवूनच पाठवणार होते, पण आता माप माझ्याकडे नाही.

तू घरी ये. कुणी काही बोललं तर मी आहे. मी आता मोकळीच असते. परवा फुंड्याहून लग्नाचं बोलावणं आलं धवल्याला. मी म्हटलं, गळा बसलाय. ते लोक म्हणाले, माइक आहे, हळू गायलं तरी चालेल. मी दार लावून घेतलं.

मालतीबाईंनी आज चहा मागितला नाही. त्या म्हणतात, पत्र छोटं झालंय, अजून काही सांगा. तुला हसवायचं काही तरी सांगते म्हटलं आणि शोधत बसले. त्यांनी चष्मा पुसून घेतला तोपर्यंत.

तू ये.

आजी


घणसोली
१४ ऑगस्ट

आजी,

एवढ्या उशिरा लिहितेय, रागावू नकोस. यायला जमलं नाही. पप्पा म्हणाले, आत्ताच आलीस तर लोक म्हणतील परत पाठवली.

इथे ठरलंय की परत ऑपरेशन करायचं. मी ठरवलं नाही. ठरलंय. जेवताना बोलतात. आधी वाटायचं ताट सोडून उठावं, आता भाजी वाढता वाढता ऐकते. सासूबाई, मोठी जाऊ, गोजरा आत्या. आत्या आता माझ्याशी चांगली वागते, तुला खोटं वाटेल. म्हणते, माझ्यामुळे उसवलं ना, मग मीच चांगल्या डॉक्टरकडे नेते. दुसऱ्या डॉक्टरकडे नेलं पण तिने. त्याने विचारलं, चीर कुठून? माझ्या आधी तीच बोलली. खाली एकदा उसवलंय, तिथे परत नको. काखेतून करा.

मी सांगितलं, माझ्या काखेत पुढचं मांस नाही, खूण झाकणार नाही. पहिल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. आत्या म्हणाली, झाकायचं कुणापासून आता? सगळ्यांना माहीतच आहे.

सगळ्या हसल्या. मी पण हसले. खरंच हसू आलं मला आजी, ते बरोबरच होतं ना.

मितेश म्हणाला, काखेतून बरं पडेल, छातीवर अजून एक खूण नको. त्याला छातीवरची एक चालते, दुसरी चालत नाही. मी हो म्हटलं. नऊ सप्टेंबर.

मला तू विचारलंस तर मला काहीच नको आहे. पण ते सांगायला जागा कुठे आहे ते सापडत नाही. काखेत की घडीत, एवढंच विचारतात. मी पण तुला तेवढंच विचारलं होतं.

भाविका


द्रोणागिरी
२० ऑगस्ट

भाविका बाय,

तू 'नकोच करायला' असंही लिहिलं होतंस. एका ओळीत, पत्राच्या शेवटी. मालतीबाईंनी मला तेव्हा टोचलं होतं. मी तुला शेळीची गोष्ट सांगितली आणि पुढे गेले.

आता सांगते. नको करूस. काखेत नको, घडीत नको, कुठेच नको. हे मालतीबाईंनी जाड अक्षरात लिहिलंय असं त्या म्हणतात, मला दिसतंय तेवढं जाड आहे.

मी येते घणसोलीला. आठ तारखेलाच येते. हिरामणने गाडी दिली नाही तर मालतीबाई येतील माझ्याबरोबर, त्यांना बस कळते. त्या तिघींच्या मध्ये बसते आणि सांगते. मला आता कुठला पाट विटाळायचा नाही. आणि तरीही नेलंच तुला दवाखान्यात, तर तुझ्या खाटेजवळ बसते. आत कुणाला सोडणार नाही. हळदीला मला जमलं नाही हे खरं. पण तिथे मी बाहेर होते.

गोजराबाईला सांग, म्हातारी नाव घ्यायला येतेय.

आजी


घणसोली
२७ ऑगस्ट

आजी,

येऊ नकोस.

तुझं पत्र मितेशने वाचलं. त्याने आईला दिलं नाही, पण मला म्हणाला, त्या आल्या तर परत हळदीचा दिवस निघेल. आत्याचं नाव का गाळलं, माइकवर का, तिथून सुरू होईल. आणि शेवटी माझ्यावर येईल. तो बरोबर बोलतोय. तुझं नाव निघालं तरी इथे सगळे गप्प होतात आणि मग मला पुढचे दोन दिवस सगळं जास्त नीट करावं लागतं.

मला माहीत आहे तू माझ्यासाठीच केलंस. मी त्यांना तसं सांगितलं होतं एकदा. ते म्हणाले, हो का.

नको करू म्हणालीस ते वाचलं. खूप वेळा वाचलं. डिसेंबरमध्ये वाचलं असतं तर, असं नाही म्हणत मी. डिसेंबरमध्ये पण न्हाणी होतीच.

ऑपरेशन सकाळी लवकर आहे. आदल्या दिवसापासून पोट रिकामं ठेवायचंय.

येऊ नकोस, आजी. खरंच.

भाविका


द्रोणागिरी
१ सप्टेंबर

भाविका,

नाही येत.

मालतीबाईंनी मघापासून पेन हातात धरून ठेवलंय. मी त्यांना म्हटलं, तुम्ही काही तरी लिहा, तुम्ही शाळेत होतात. त्या म्हणाल्या, मला पण काही सुचत नाही, पुतळाबाई.

भूल द्यायच्या आधी तुला पाणी पण देणार नाहीत म्हणे. मग मी पण आठ तारखेला सूर्य बुडाला की काही खाणार नाही. तू शुद्धीवर येईपर्यंत. तू कळवू नकोस, तुझ्याकडून कळवणं व्हायचं नाही. मी नऊ तारखेचा अख्खा दिवस तशीच राहीन. घरात विचारलं तर सांगेन उपास आहे, कुठल्या देवाचा ते म्हाताऱ्या बाईला कुणी विचारत नाही.

त्यात कुणाला नाव घ्यावं लागणार नाही, कुणाला आत यावं लागणार नाही. घणसोलीत तर कळणारही नाही.

आजी